डाग वरचा की आतला?

दातांच्या डॉक्टरांकडे एक पट्टी असते. तिच्यावर सोळा नकली दात ओळीने बसवलेले असतात. कॅप किंवा कवळी करायची झाली की डॉक्टर ती पट्टी रुग्णाच्या ओठाशी नेतात, खिडकीच्या उजेडात एकेक दात शेजारी धरून पाहतात आणि जुळणारा निवडतात. ए, बी, सी, डी असे चार गट. कुणात तांबूस झाक, कुणात पिवळी, कुणात करडी. त्या सोळांत पांढराशुभ्र म्हणावा असा एकही दात नाही. सर्वांत उजळ दातातही पिवळ्याचा अंश आहेच. पुढे दात ब्लीच करून घेण्याची फॅशन आली, तेव्हा तसल्या दातांसाठी आणखी पांढऱ्या छटांची वेगळी भर घालावी लागली, कारण जुन्या पट्टीत त्यांना जागाच नव्हती.

निरोगी दात मुळात पिवळसर असतो, ही गोष्ट टूथपेस्टची कुठलीच जाहिरात सांगणार नाही. दाताचे बाहेरचे कवच म्हणजे एनॅमल. माणसाच्या शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. पण तो बराचसा पारदर्शक असतो. त्याच्या आत डेन्टिन नावाचा थर असतो आणि तो पिवळा असतो. आपल्याला दिसतो तो रंग या दोन थरांचा मिळून. दाढेच्या टोकावर एनॅमल दोन-अडीच मिलिमीटर जाड असते, हिरडीकडे येताना ते पातळ होत जाते; म्हणून एकच दात वर उजळ आणि मुळाशी पिवळा दिसतो. सुळ्यात डेन्टिन भरपूर, म्हणून सुळे शेजारच्या दातांपेक्षा पिवळे. आरशात पाहून अनेकजण नेमके सुळेच जोर लावून घासत बसतात. सुळ्यांचा त्यात काही दोष नसतो.

वयाबरोबर एनॅमल झिजते, आतले डेन्टिन वाढून दाट होते आणि दात आणखी पिवळे दिसू लागतात. झिजलेले एनॅमल पुन्हा येत नाही. ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येतानाच संपलेल्या असतात. हाड जुळते, कातडी भरून येते, एनॅमल मात्र जन्माला एकदाच मिळते. लाळेतले कॅल्शियम आणि टूथपेस्टमधले फ्लोराइड त्याची बारीकसारीक डागडुजी करतात, तेवढेच.

हे एवढे ध्यानात घेतले, की दात पांढरे ठेवण्याच्या आपल्याकडच्या बहुतेक उपायांतली गोम कळते. ते सगळे घासण्यावर बेतलेले आहेत. कोळसा घासा, मीठ घासा, सोडा घासा, लिंबू चोळा. वरवरचा डाग त्याने काही दिवस जातोही. पण त्याबरोबर एनॅमलही थोडे थोडे जाते आणि आतला पिवळा थर अधिक दिसू लागतो. मग माणूस आणखी जोराने घासतो. या पुस्तकात दातांच्या रंगाविषयी पुष्कळ माहिती आहे, पण तिच्या मुळाशी एकच प्रश्न आहे आणि तो ब्रश हातात घेण्याआधी विचारायचा आहे: डाग दाताच्या वर आहे की आत? वरचा असेल तर तो कशाने बसला ते शोधून बंद करता येते. आतला असेल तर घासून काहीही होणार नाही.

वरच्या डागांची गोष्ट महाराष्ट्रात राखुंडीपासून सुरू करावी लागते. शेणीची राख, कधी लाकडी कोळशाची पूड, त्यात मीठ नाहीतर तुरटी. परसात तोंड धुवायच्या दगडाजवळ तिची डबी असायची. त्याच्याही आधीची कडुनिंबाची नाहीतर बाभळीची काडी. आयुर्वेदाच्या ग्रंथांत दंतधावनाचे नियम आहेत. वाग्भटाने अष्टांगहृदयात काडी कोणत्या चवीची असावी ते सांगितले आहे आणि त्याच दमात हिरड्यांना इजा होऊ देऊ नये, असेही बजावले आहे. परंपरेची साक्ष काढून हिरड्या सोलवटणाऱ्यांनी हे वाक्य सोयीस्करपणे गाळलेले दिसते.

मग मंजने आली. माकडछाप काळी टूथपावडर मुंबईच्या चाळींपासून गावच्या वाण्यापर्यंत पोचली. परळला केशव पेंढरकरांनी १९५२ मध्ये विको सुरू केली आणि वज्रदंती घरोघरी गेली. कोलगेट त्याआधीच, १९३७ मध्ये, भारतात आली होती. तिचीही पांढरी पावडर तळहातावर घेऊन बोटाने लावणारी पिढी आज सत्तरीत आहे. मंजन वाईट आणि पेस्ट चांगली इतका सरळ हिशेब इथे नाही. प्रश्न कणांच्या खरखरीतपणाचा आहे. गेरू घातलेले लाल मंजन किंवा जाडसर कोळसा वर्षानुवर्षे आडव्या हाताने घासला, की दाताच्या मुळाशी, हिरडीच्या कडेला खाच पडते. नखाने चाचपली तर लागते. थंड पाण्याची कळ तिथूनच उठते. टूथपेस्टसुद्धा किती घासते याचे मोजमाप असते आणि आंतरराष्ट्रीय मानकात त्याला वरची मर्यादाही आहे. 'व्हाइटनिंग' असे लिहिलेल्या पेस्ट बहुधा त्या मोजपट्टीवर साध्या पेस्टपेक्षा वर असतात, हे वेष्टनावर क्वचितच दिसते. काहींत निळसर रंगद्रव्य असते. धुतलेल्या धोतराला नीळ दिली की ते पांढरे दिसते, तोच हा प्रकार: पिवळेपणा नजरेला कमी जाणवतो, दात होता तिथेच असतो. निदान त्यात झीज तरी नाही.

गेल्या काही वर्षांत कोळसा पुन्हा आला, या वेळी 'अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल' म्हणून, काळ्या नळीत आणि चौपट किमतीत. कोळशाच्या पेस्टने दात पांढरे होतात किंवा त्या निर्धोक आहेत असे म्हणायला पुरेसा पुरावा नाही, असे अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकात २०१७ मध्ये आलेल्या आढाव्यात म्हटले होते. आजीची राखुंडी टाकून दिली आणि नातवंडांनी ती ऑनलाइन मागवली, असा हा प्रवास आहे.

मात्र मिश्रीचे तसे नाही. तिच्याबद्दल हसून बोलता येत नाही.

तव्यावर तंबाखूची पाने टाकायची, काळी पडेपर्यंत भाजायची, घरभर ठसका उठतो; मग कुटून, चाळून ती पूड छोट्या डबीत भरायची. सकाळी उठल्यावर तर्जनीवर घेऊन दातांना आणि हिरड्यांना चोळायची. चोळता चोळता बोटाचे पेर काळे पडते. सुरुवात बहुधा दातदुखीतून होते. कुणीतरी जाऊ, सासू, शेजारीण सांगते, लावून बघ, ठणका थांबेल. थांबतोही, कारण निकोटिनने बधिरपणा येतो. मग सकाळची एकदाची मिश्री दुपारी, जेवणानंतर, रात्री निजताना लावली जाते. न लावल्यास डोके दुखते, पोट साफ होत नाही, अशी तक्रार असते. ती खरीच असते. व्यसन म्हणतात ते हेच. धूर नाही, थुंकणे चारचौघांत नाही, त्यामुळे घरातही ते व्यसन म्हणून मोजले जात नाही. 'दात घासते' एवढेच म्हटले जाते. गरोदरपणातही ती सुटत नाही आणि तंबाखूचा परिणाम पोटातल्या बाळाच्या वजनावर होतो.

केंद्र सरकारने १९९२ मध्ये टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यास बंदी केली. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. घरच्या तव्यावर भाजल्या जाणाऱ्या तंबाखूपर्यंत यांतले काहीच पोचत नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातल्या प्रौढांपैकी जवळपास चौथा हिस्सा धूर न काढता तंबाखू घेतो. खाऊन, चघळून किंवा चोळून. मिश्रीने आणि पानातल्या कात-चुन्याने काळे-तांबडे झालेले दात स्केलिंग आणि पॉलिशने एका बैठकीत बऱ्यापैकी स्वच्छ होतात. पण अशा रुग्णाच्या तोंडात डॉक्टर आधी दात पाहत नाहीत. ते गालाची आतली बाजू, जीभ उचलून तिच्याखाली, आणि तोंड किती बोटे उघडते ते पाहतात. तिथे न पुसला जाणारा पांढरा चट्टा असेल किंवा तोंड उघडेनासे झाले असेल, तर दातांच्या रंगाचा विषय तूर्त संपतो.

चहाचा गुन्हा त्यामानाने किरकोळ, तरी त्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. दात घासल्यावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा एक अतिशय पातळ पापुद्रा दातांवर बसतो. तो उपयोगाचाच आहे, एनॅमलचे आम्लापासून थोडे रक्षण करतो. चहातले टॅनिन या पापुद्र्याला चिकटते आणि रंग धरते. कपाच्या आत जी तपकिरी कड बसते, तीच दातांच्या फटीत बसते. गंमत अशी, की दुधातले केसीन टॅनिनला धरून ठेवते आणि दातांपर्यंत कमी पोचू देते. प्रयोगशाळेत हे दिसलेले आहे. म्हणजे कोकणातला कोरा चहा दातांना जास्त रंगवतो आणि घाटावरचा उकळलेला, दुधाळ चहा कमी. अर्थात त्या दुधाळ चहातली साखर कीड लावते ती वेगळीच. चहा सोडा असे या पुस्तकात कुणी सांगणार नाही. प्यायल्यावर चूळ भरा, आणि दिवसभर घोट घोट घेत बसण्याऐवजी एकदाच पिऊन मोकळे व्हा, इतके पुरेसे आहे.

टॅनिन आणि लोह एकत्र आले की काळा रंग होतो. हिरड्याची आणि लोहाची जुनी शाई त्याच रसायनाची. उत्तर हिंदुस्थानात बायका दातांना मिश्शी लावत, तीही हिरडा आणि लोहाचे क्षार यांचीच. तिथे काळे दात हा शृंगार होता. जपानातही विवाहित स्त्रिया शतकानुशतके दात काळे करीत. १८७० मध्ये सरकारने उमरावांना त्याची मनाई केली, त्यानंतर प्रथा मागे पडत गेली. पांढरेपणाला सौंदर्य मानणे सगळीकडे आणि सर्वकाळ होते असे नाही, एवढे यावरून कळते. आज हाच काळा रंग लहान मुलांत दिसतो. अ‍ॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा लोहाचे सिरप दिले जाते. दुधाच्या दातांवर काळे ओघळ आले की आया घाबरतात आणि औषध बंद करतात. तो डाग वरचा असतो, निघतो. सिरप जिभेवर मागच्या बाजूला सोडावे आणि वर पाणी पाजावे. बंद करू नये. रक्त कमी असण्यापेक्षा काळपट दुधाचा दात परवडला.

क्लोरहेक्सिडिनच्या माउथवॉशचेही असेच. दात काढल्यावर, हिरडीच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर तो आठवडा-दोन आठवड्यांसाठी लिहून देतात. तोंडाला बरे वाटते म्हणून रुग्ण ती बाटली दुकानातून पुन्हा पुन्हा आणतो आणि दोन-तीन महिन्यांनी तपकिरी दात घेऊन येतो. जेवढा चहा अधिक, तेवढा हा डाग गडद.

आतल्या डागांचा छडा लागला तो अमेरिकेत. फ्रेडरिक मॅके नावाच्या तरुण दंतवैद्याने १९०१ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी दवाखाना थाटला. गावात जन्मलेल्या मुलांच्या दातांवर तपकिरी डाग होते. बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या मोठ्यांच्या दातांवर नव्हते. लोक याचा दोष डुकराच्या मांसाला, दुधाला देत. मॅकेच्या आग्रहावरून दंतशास्त्रातले त्या काळचे मोठे नाव, जी. व्ही. ब्लॅक, १९०९ मध्ये तिथे आले आणि त्यांनी अखेरपर्यंत यात लक्ष घातले. पुढे आयडाहोतल्या ओकले गावाने लांबच्या उष्ण झऱ्याचे पाणी नळाने आणल्यावर मुलांच्या दातांवर डाग येऊ लागले. मॅकेच्या सल्ल्यावरून गावाने तो नळ सोडला, आणि काही वर्षांनी धाकट्या मुलांचे दात स्वच्छ निघाले. दोष पाण्यात होता हे कळले, कशात ते कळत नव्हते. १९३१ मध्ये अ‍ॅल्युमिनियम कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ एच. व्ही. चर्चिल यांनी पाणी तपासले तेव्हा फ्लोराइड सापडले. त्याच शोधातून पुढे थोडे फ्लोराइड कीड रोखते हेही उमगले आणि आजच्या टूथपेस्टमध्ये ते आले.

कोलोरॅडोची ही गोष्ट यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या कित्येक गावांची आहे, नांदेडमधल्या किनवटचीही आहे. विहिरी आटल्या, बोअर खोल गेल्या आणि खडकातले फ्लोराइड पाण्याबरोबर वर आले. भारतीय मानक लिटरला १ मिलिग्रॅम फ्लोराइड चालवून घेते. दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत. त्याहून जास्त पाणी मूल पीत राहिले तर तयार होत असलेले एनॅमल सच्छिद्र राहते. दात येतो तेव्हा त्यावर खडूसारखे पांढरे पट्टे असतात. मग त्या छिद्रांत रंग मुरतो आणि ते तपकिरी होतात. लोकांना वाटते, मूल दात घासत नाही. शाळेत मास्तर रागावतात, मूल हात तोंडावर धरून हसायला शिकते. वस्तुस्थिती अशी, की पुढचे कायमचे दात मूल सहा-सात वर्षांचे असताना दिसतात, पण त्यांचे एनॅमल दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच घडत असते. डाग दिसतो तोवर तो पडून चार वर्षे झालेली असतात. पुढे हेच पाणी हाडांत आणि सांध्यांत उतरते, म्हणून दात ही पहिली वर्दी समजायची.

पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटते आणि त्याचे प्रमाण उलट वाढते. कापडाने किंवा मेणबत्तीच्या फिल्टरनेही ते गाळले जात नाही. नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने तुरटी आणि चुन्याची एक पद्धत विकसित केली, ती तेलंगणातल्या नलगोंड्याच्या नावाने ओळखली जाते. तीत प्रमाण नीट पाळावे लागते. साठवलेले पावसाचे पाणी, उथळ विहीर किंवा नदीवरची नळयोजना मिळाली तर ते अधिक सोपे.

टेट्रासायक्लिनचा डागही याच वयातला. १९४० च्या दशकाच्या अखेरीस हे प्रतिजैविक आले, दहा वर्षांच्या आत मुलांच्या दातांवर पिवळे-करडे पट्टे दिसू लागले. औषध कॅल्शियमला चिकटते आणि दात घडताना त्यातच कोंडले जाते. म्हणून ते गरोदरपणाच्या उत्तरार्धात आणि आठ वर्षांखालील मुलांना देणे टाळतात. आज पन्नाशी-साठीतल्या काहींच्या करड्या दातांचे कारण बालपणीचे ते सिरप असते.

राहिले ब्लीचिंग. लग्नसराईच्या तोंडावर दवाखान्यांत त्याची गर्दी होते. हायड्रोजन पेरॉक्साइड एनॅमलमधून आत जाते आणि रंगीत रेणू फोडते. घासून जे होत नाही ते इथे होते. रात्री साच्यात जेल भरून दातांवर लावायची आजची पद्धत १९८९ मध्ये अमेरिकेतल्या हेवुड आणि हेमन यांनी मांडली. त्यात १० टक्के कार्बमाइड पेरॉक्साइड असते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते सुरक्षित मानले जाते. पिवळ्या दातांवर ते छान चालते, करड्यावर कमी. काही दिवस दात ठणकतात. कॅप आणि फिलिंग मात्र रंग बदलत नाहीत, त्यामुळे पुढे एखादे जुने फिलिंग असेल तर तेच उठून दिसते. परिणाम कायमचा नसतो. युरोपीय संघात ०.१ टक्क्याहून अधिक पेरॉक्साइड असलेली उत्पादने थेट गिऱ्हाइकाला विकता येत नाहीत आणि अठराच्या आतल्यांसाठी ती वापरता येत नाहीत. आपल्याकडे ब्यूटी पार्लरच्या पाटीवर 'टीथ व्हाइटनिंग' वाचायला मिळते. तिथे किडलेला दात ओळखणारे कोण बसले आहे, हे विचारून मगच आत जावे.

स्केलिंगने दात हलतात, ही समजूत मात्र इथेच खोडून टाकलेली बरी. वर्षानुवर्षे साठलेले किटण दातांच्या फटी बुजवून बसते आणि हिरडी मागे रेटते. ते काढले की फट मोकळी होते, जिभेला पोकळ लागते आणि माणूस म्हणतो, डॉक्टरांनी दात सैल केले. दात किटणामुळे आधीच सैल झालेले असतात.

पुढील प्रकरणांत या प्रत्येकाची सविस्तर माहिती आहे. ज्यांना सगळे वाचायला सवड नाही, त्यांनी तीन कामे तरी करावीत. एकच दात बाकीच्यांपेक्षा काळपट पडला असेल, मग तो दुखत असो वा नसो, तर दंतवैद्याला दाखवावा. मार लागून आतली नस मेलेली असू शकते. घरात कुणी मिश्री लावत असेल तर तिला पुढच्या वेळी दवाखान्यात सोबत घेऊन जावे आणि डॉक्टरांना मिश्रीबद्दल स्वतःहून सांगावे. आणि घरात आठ वर्षांखालचे मूल असून पिण्याचे पाणी बोअरचे असेल, तर ग्रामपंचायतीकडे फ्लोराइडच्या तपासणीचा अहवाल मागावा. नसेल तर पाण्याचा नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवायला लावावा.